दात्याचे मन

दानाचा आकडा सर्वांस दिसतो. त्यामागचे मन मात्र शोधावे लागते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी जपानच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून तसेच विद्यापीठ आपल्याकडे उभारण्याचा संकल्प केला आणि १९१६ साली तो सिद्धीस नेला. शिक्षण मातृभाषेतून द्यावयाचे होते. पैसा मात्र बव्हंशी लहानसहान वर्गण्यांतून जमत होता.

पुढे मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी परदेशप्रवासात जपानचे तेच विद्यापीठ पाहिले. कर्व्यांनी वाचलेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले. १९२० साली त्यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्री श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव लाभले.

संस्थेने नाव विकले, असे कोणी म्हणेल. परंतु मातृऋण फेडू पाहणाऱ्या पुत्रास स्त्रीशिक्षणाहून अधिक उचित स्थान कोठे मिळाले असते? १९२२ साली सर विठ्ठलदास निवर्तले. नाते मात्र संपले नाही. मातेचे नाव धारण करून ते विद्यापीठ आजही चालू आहे. याचकाने हात पसरण्यापूर्वी दात्याची श्रद्धा ओळखावी, हाच त्या इतिहासाचा बोध होय.