मांडव्यातील हिवाळी सुट्टी

मांडवा हे अलिबाग तालुक्यातील (जि. रायगड) बंदर. मुंबईहून रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटर. गेटवेवरून लाँच किंवा कॅटामरानने मात्र तासाभराच्या आत. या लाँचसेवा पावसाळ्यात बंद राहतात, त्यामुळे नाताळची सुट्टी म्हणजे इथला भर हंगाम. भाऊच्या धक्क्यावरून मोटारींसह येणारी रो-रो बोट मार्च 2020 पासून आहे. मांडव्याच्या धक्क्यावरून अलिबागेकडे बस, विक्रम रिक्षा मिळतात.

पाहुण्यांचा दिवस किनाऱ्यावर जातो, गावाचा शेतात. भातकापणीनंतर उरलेल्या ओलीवर वाल वाढतो, आणि शेंगा भरल्या की पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगांचा बेत, लागते. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, खडेमीठ, ओवा, बटाटे, अंडी, हवी तर मसाला लावलेली कोंबडी. तोंडाशी पुन्हा पाला दाबून मडके उपडे ठेवायचे आणि भोवती पेंढा, काटक्या पेटवायच्या. पाणी वा तेल घालत नाहीत. शेंगांच्याच वाफेवर सारे शिजते. तापल्या मडक्यावर शिंपडलेले पाणी चटकन उडाले, की पोपटी झाली. भांबुर्ड्याचा उग्र वास शेंगांत उतरतो, म्हणून दुसरा पाला चालत नाही. हॉटेलातल्या पोपटीपेक्षा शेताच्या बांधावरची अर्थातच सरस, कारण शेंगा तिथेच तोडलेल्या असतात.

अलिबागचा पांढरा कांदा (भौगोलिक मानांकन 2022) नाताळात अजून वाफ्यातच असतो. त्याच्या विणलेल्या माळा बाजारात दिसतात त्या पुढे, फेब्रुवारीच्या सुमारास.