जाळ्याचा आस

कुंभकोणमनजीकचे तिरुनीलक्कुडी हे गाव नीलकंठेश्वराच्या देवालयासाठी प्रसिद्ध आहे. सतराव्या शतकात व्यंकोजीराजे भोसले यांनी स्थापिलेल्या तंजावरच्या राज्यातला हा मुलूख. कावेरीचे पाणी हेच येथील वैभव. ते पाणी जसे भात पिकविते, तसेच मासेही पोसते.

याच परिसरात, कोळ्ळिडम नदीवर आर्थर कॉटन याने १८३६ मध्ये खालचा बंधारा बांधला. तेथून निघणारा वडवार कालवा चोळकालीन वीराणम तलाव भरतो. बंधाऱ्याने शेतीचे कल्याण झाले खरे. परंतु अंडी घालण्यासाठी समुद्रातून नदीत चढणाऱ्या हिलशाची वाट अडली. बंधाऱ्याच्या पायथ्याशी खोळंबलेले मासे जाळ्यात सहज सापडू लागले.

मद्रासच्या सैन्यातील वैद्य आणि मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस डे याने गोड्या पाण्यातील मासेमारीवरील आपला अहवाल १८७३ मध्ये प्रसिद्ध केला. बारीक आसाची जाळी आणि कालव्यांतून होणारा पिलांचा संहार ही त्याची मुख्य तक्रार होती. पुढे १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्याने सुरुंगाची दारू व विष वापरून मासे मारणे हा गुन्हा ठरविला. जाळ्यांचे प्रकार आणि आसाचे माप यांविषयी नियम करण्याचा अधिकार मात्र प्रांतिक सरकारांकडे सोपविला. मद्रास इलाख्यात १९०७ मध्ये फ्रेडरिक निकल्सन यांच्या नेतृत्वाखाली मत्स्यखाते उभे राहिले.

आसाला एवढे महत्त्व का? कांडाळी जाळ्यात माशाचे डोके शिरते आणि तो कल्ल्यांमागे अडकतो. लहान मासा आरपार निसटतो, फार मोठ्याचे डोके शिरतच नाही. म्हणजे आसाचे माप ठरले की माशाचे आकारमानही बव्हंशी ठरते. बारीक आसाचे ओढजाळे मात्र लहानमोठे सारेच गोळा करते. नदीत पिलू मारले, तर पुढची वीण बुडते. कटला-रोहू साचलेल्या तळ्यात सहसा वीत नाहीत. तेथे बाहेरून बीज आणून सोडावे लागते. तेथे पिलू लवकर धरले, तर त्याची होऊ घातलेली वाढ वाया जाते. मासा कोणत्या वयात धरावा, याचे गणित बेव्हर्टन व होल्ट या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये सविस्तर मांडले.

तथापि केवळ गणिताने तळे राखले जात नाही. ज्याला एकाच वर्षाचा मक्ता मिळतो, त्याने पुढच्या वर्षाचा मासा कोणासाठी सोडावा? ज्याच्या घरी आज चूल पेटायची आहे, त्याला रुंद आसाचा उपदेश कसा पटावा? कायद्याने आसाचे माप सांगितले, तरी ते पाळणाऱ्याच्या पदरात उद्याचा मासा पडेल अशी हमी लागते. पाण्यावरचा हक्क दीर्घ मुदतीचा असेल, तर भोई-कोळ्यांना स्वहितासाठीच पिलू सोडावेसे वाटेल. आसाच्या नियमाचे यश अखेर या हमीवरच अवलंबून आहे.