चोवीस फेऱ्यांची तबकडी

१९३५ साली लंडनमध्ये अंध वाचकांसाठी 'बोलकी पुस्तकं' निघाली, तेव्हा अगदी सुरुवातीच्या पुस्तकांत जोसेफ कॉनरॅडची समुद्रावरची 'टायफून' होती आणि अगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' होती. आज कॉलेजातली पोरं कानात इअरफोन घालून खुनाच्या गोष्टी ऐकतात, ते खूळ मोबाइलबरोबर आलं असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. ऐकायच्या पुस्तकाच्या जन्मापासून रहस्यकथा त्याच्यासोबत आहे.

बोलकी पुस्तकं निघाली ती पहिल्या महायुद्धामुळे. इयन फ्रेझर हा तरुण अधिकारी १९१६ मध्ये सोमच्या लढाईत गोळी लागून आंधळा झाला, तेव्हा त्याला एकोणीस वर्षंही पुरी झाली नव्हती. पुढे तो आंधळ्या झालेल्या सैनिकांसाठीच्या 'सेंट डन्स्टन्स' या संस्थेचा प्रमुख झाला. लहानपणापासून ब्रेल शिकलेल्या मुलाची बोटं सरावलेली असतात. विशी-तिशीत दृष्टी गेलेल्या माणसाला ते ठिपके लवकर वश होत नाहीत. या माणसांना पुस्तक द्यायचं कसं, हा प्रश्न फ्रेझरने वर्षानुवर्षं सोडला नाही.

अडचण तबकडीची होती. नेहमीची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घ्यायची आणि चार-पाच मिनिटांत संपायची. त्या हिशेबाने कादंबरीला तबकड्यांची चळतच लागली असती. मग वेग कमी करत करत तो मिनिटाला २४ फेऱ्यांवर आणला, खाचा अधिक जवळजवळ कोरल्या, आणि एका बाजूवर सुमारे २५ मिनिटांचं वाचन मावलं. साधारण कादंबरी दहा तबकड्यांत बसू लागली. अमेरिकेत हेच काम वर्षभर आधी ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीवर सुरू झालं होतं. ब्रेलचे काही पुरस्कर्ते नाराज होते. ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे, असं त्यांचं म्हणणं. हा वाद आजही ऐकू येतो. माझं मत सरळ आहे: गोष्ट मनात उतरली की वाचन झालं.

आता 'अ‍ॅक्रॉइड'च का, याचा विचार करा. ती सारी गोष्ट खेड्यातला एक डॉक्टर 'मी' म्हणून सांगतो. छापील पानावर तो 'मी' जरा दूर असतो. तबकडीवर मात्र एक माणूस तुमच्या खोलीत बसून, तुमच्याशीच बोलत असतो. ज्यांनी ती कादंबरी वाचली आहे त्यांना याचं महत्त्व लगेच कळेल. ज्यांनी वाचलेली नाही, त्यांच्यासाठी मी इथेच थांबते. शिवाय डोळस वाचक चोरून शेवटचं पान बघू शकतो. तबकडीच्या श्रोत्याला पंचवीस मिनिटांनी उठून तबकडी उलटावी लागे, आणि संशय मनात घोळवतच पुढचं ऐकावं लागे.

मी पुण्यात अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते. पंखा बंद, खिडकी बंद, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या संपेपर्यंत थांबायचं. पान उलटताना आवाज येऊ नये म्हणून वाक्य संपलं की क्षणभर गप्प राहायचं. इतर पुस्तकांना एवढं पुरतं. रहस्यकथेला आणखी एक पथ्य असतं. खुनी कोण हे मला ठाऊक असतं, पण माझ्या आवाजाला ते ठाऊक असता कामा नये. खुन्याचं साधं "चहा घेणार का?" हे वाक्यही बाकीच्यांच्या वाक्यांइतकंच साधं निघावं लागतं. जरा जोर दिला, जरा रेंगाळलं, की मुलं लगेच ओळखतात. त्यांचे कान फार तिखट.

तबकड्यांनंतर टेप आली, कॅसेट आली. १९७५ मध्ये अमेरिकेत 'बुक्स ऑन टेप' निघालं आणि गाडीने कामावर जाणारे डोळस लोक ऐकू लागले. पुढची सीडीची आणि मोबाइलची कथा सगळ्यांना माहीत आहे.

मोबाइलवर ऐकलेल्या रहस्यकथांपैकी भाचीने आग्रहाने ऐकायला लावलेली कोर्टनी समर्सची 'सेडी' (२०१८) ही कादंबरी मला फार आवडली. बहिणीच्या खुन्याला शोधायला निघालेली एकोणीस वर्षांची मुलगी, आणि तिच्या मागावर असलेला एक पत्रकार. त्याचा भाग पॉडकास्टच्या रूपात आहे. पुस्तकात तो नाटकाच्या संहितेसारखा छापलेला दिसतो. ऐकताना तीसहून अधिक जणांचे आवाज तो खरोखरीचा पॉडकास्ट करून टाकतात. सेडी बोलताना अडखळते. रिबेका सोलरच्या आवाजात ते अडखळणं ऐकताना मी कितीदा तरी श्वास रोखून धरला. कागदावरच्या तुटक अक्षरांनी हे साधलं नसतं. २०१९ चा ओडिसी पुरस्कार या ध्वनिमुद्रणाला मिळाला, तो अगदी योग्य.

ऐकण्याची ही आवड आपल्याला परकी नाही. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. दादा तिला बाबूराव अर्णाळकरांचा 'झुंजार' वाचून दाखवत आणि ती भाजी निवडता निवडता खुनी कोण ते आधीच सांगून मोकळी होई. आज मराठी पुस्तकं मोबाइलवर ऐकायला मिळतात, ही चांगली गोष्ट आहे. पण माझ्याकडे येणारी पंधरा-सोळा वर्षांची मुलं त्यांच्याच वयाच्या नायक-नायिकांच्या रहस्यकथा मागतात, आणि मराठीत ध्वनिमुद्रित केलेल्या अशा कथा त्यांना अजून पुरत नाहीत. तुमचा आवाज स्वच्छ असेल आणि आठवड्यातून दोन तास निघत असतील, तर जवळच्या अंधशाळेत जाऊन विचारा. एखादी रहस्यकथा वाचायला घ्या, आणि शेवट आधी नीट वाचून ठेवा.