नादाने तोललेला मणी

कोल्हापूरहून पुण्याला जाताना पुणं जवळ आलं की खेड-शिवापूर लागतं. तिथे कमरअली दरवेश यांचा दर्गा आहे. दर्ग्याच्या अंगणात एक गोल दगड आहे. वजन नव्वद किलोच्या घरात सांगतात. अकरा जणांनी भोवती उभं राहायचं, एकेक बोट दगडाखाली लावायचं आणि एका दमात ‘कमरअली दरवेश’ असा पुकारा करायचा. दगड वर जातो.

‘हा ध्वनीचा चमत्कार,’ असं आमच्या शिवाजी पेठेत मला अनेकांनी ऐकवलं आहे. माझं नाव मुसलमानाचं, तेव्हा मी लगेच मान डोलावीन अशी त्यांची अपेक्षा असते. मी हिशेब मांडतो. ९० भागिले ११, म्हणजे एका बोटावर आठ किलोंहून थोडा जास्त भार. भरलेल्या कळशीइतका. पुकाऱ्यामुळे अकराही बोटं एकाच क्षणी जोर लावतात. उसाची गाडी चिखलात रुतली की आपण आरोळी ठोकून खांदा देतो, तसंच हे. दगड माणसंच उचलतात आणि त्या अकरांत हिंदू-मुसलमान दोघेही असतात. मला यात दर्ग्याचा मानच दिसतो.

पण ध्वनी वस्तू उचलतो, हेही खरं आहे.

१७८७ मध्ये अर्न्स्ट क्लाडनी या जर्मन अभ्यासकाने धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून कडेला व्हायोलिनचा गज ओढल्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. वाळू जिथे कंप नाही तिथे गोळा होऊन नक्षी उमटली. १८६६ मध्ये ऑगस्ट कुंट याने काचेच्या नळीत हलकी भुकटी घालून हवेतल्या लहरींचं तेच रूप दाखवलं. समोरासमोरच्या लहरी एकमेकींत मिसळल्या की काही जागा शांत राहतात. भौतिकशास्त्रात त्यांना निस्पंद म्हणतात. लहरी पुरेशा जोरकस असतील, तर हलकी वस्तू तिथे अधांतरी अडकून राहते. १९३३ मध्ये ब्यूक्स आणि म्युलर या दोघांनी क्वार्ट्झच्या कंपनांवर बारीक थेंब असेच तरंगत ठेवले. १९८५ मध्ये तर अमेरिकेच्या स्पेसलॅब-३ मोहिमेत टेलर वँग यांनी ध्वनीने थेंब धरणारं यंत्र अवकाशात नेलं. तिथे ते बिघडलं आणि त्यांनी स्वतःच दुरुस्त केलं.

कुणी विचारील, गणपतीत डॉल्बीने खिडक्या थरथरतात, मग टेबलावरचा कागद का उडत नाही? ५० हर्ट्झच्या ध्वनीची लहर जवळजवळ सात मीटर लांब असते. लहान वस्तू धरायला लहानच लहर हवी. ४० हजार हर्ट्झची लहर साडेआठ मिलिमीटरची, तिचे निस्पंद सव्वाचार मिलिमीटरवर. हा ध्वनी माणसाला ऐकू येत नाही. गल्लीतल्या मांजरांना मात्र येतो.

प्रयोगशाळेतली ही विद्या २०१७ मध्ये घराघरांत येण्याजोगी झाली. ब्रिस्टल विद्यापीठातल्या असिएर मार्झो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समोरासमोर दोन वाट्या, त्यांत ७२ छोटे ध्वनिक्षेपक, अशी रचना केली आणि ती कशी बांधायची हे सगळ्यांसाठी उघड केलं. मला या सगळ्या इतिहासातलं हेच मोठं वाटतं.

आमच्या गल्लीतल्या, डिप्लोमा करणाऱ्या एका पोराने त्याहून साधं यंत्र केलं आहे. अंतर मोजायच्या स्वस्त सेन्सरचे दोन ‘डोळे’ सुटे केले, एकाला दुसऱ्यासमोर दोन सेंटिमीटरवर बसवलं. अर्डुइनोने ४० हजारांचा ठेका धरला, मोटर चालवायच्या छोट्या सर्किटने त्याला बळ दिलं. मग एक डोळा केसभर पुढे-मागे करत बसायचं. थर्माकोलचा मणी चाळणीच्या जाळीच्या तुकड्यावरून आत सरकवायचा, कारण बोट घातलं की लहर मोडते. पंखा बंद हवा. आवाज ऐकू येत नाही म्हणून कान जवळ नेऊ नये, हे मी त्याला दोनदा बजावलं.

मणी एक मिलिग्रॅमही भरत नाही. शिवापूरचा दगड नऊ कोटी मिलिग्रॅमचा. आता त्याला मण्याऐवजी पाण्याचा थेंब टांगायचा आहे. थेंब मण्याच्या आकाराचा असला तरी पन्नासेक पट जड, तिथे दोन डोळे पुरायचे नाहीत. म्हणून तो वहीत बहात्तरांचा हिशेब मांडून बसलाय.