पिंगळ्याच्या पायातली खोटी चिठ्ठी

आज मी जयपूरहून बोलतोय, सोडाल्यातल्या आमच्या घरून. एलिव्हेटेड रोड जवळच आहे, त्यामुळे मधूनमधून हॉर्न ऐकू येतील, सांभाळून घ्या. ई-पुस्तकात वाचणाऱ्यांची त्यातून सुटका आहे.

आजचा विषय मला माझ्या भाचीने दिला. ती आठवीत आहे. शाळेत प्रत्येकाला आपापल्या मूळ राज्यातल्या एका दुर्मीळ प्राण्यावर किंवा पक्ष्यावर दोन पानं लिहायची होती. आपण मराठी, म्हणून तिने महाराष्ट्रातला वनपिंगळा निवडला. मोबाईलवर शोधलं तर पहिल्या पानावर लिहिलेलं, हा पक्षी नामशेष झाला. दुसऱ्यावर, तो १९९७ मध्ये पुन्हा सापडला. तिसरा एक व्हिडिओ होता, छान आवाजात सगळी माहिती सांगणारा, आणि त्यात दाखवलेला पक्षी आमच्या गल्लीतल्या कडुलिंबावर रोज संध्याकाळी येऊन बसतो तो! साधा पिंगळा. शेजारच्या आजी त्याला कोचरी म्हणतात.

भाची म्हणाली, "मामा, यातलं खरं कोणाचं धरू?"

मी इतिहासाचा माणूस. प्राणिशास्त्र माझं नाही. पण हा प्रश्न इतिहासाचाच आहे आणि नेमक्या याच पक्ष्याच्या बाबतीत तो शंभर वर्षं मोठमोठ्या पक्षीतज्ज्ञांना चकवत राहिला. म्हणून आधी ती गोष्ट सांगतो, मग इंटरनेटकडे येतो.

गोष्ट सुरू होते १८७२ साली. आजच्या छत्तीसगडच्या भागात एफ. आर. ब्लेविट नावाच्या गृहस्थांना एक छोटं घुबड मिळालं. त्यांनी ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे पाठवलं. हे तेच ह्यूम, ज्यांचं नाव आपण काँग्रेसच्या स्थापनेच्या धड्यात वाचतो. त्यांना पक्ष्यांचं विलक्षण वेड होतं आणि 'स्ट्रे फेदर्स' नावाचं पक्ष्यांविषयीचं नियतकालिक ते स्वतः चालवत. १८७३ मध्ये त्यांनी या घुबडाचं वर्णन छापलं आणि ब्लेविट यांच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं.

पुढच्या दशकात जेम्स डेव्हिडसन नावाचा ब्रिटिश मुलकी अधिकारी आपल्या खानदेशात होता. त्याने शहादा-तळोदा भागातून या पक्ष्याचे अनेक नमुने मिळवले. त्या काळी पक्षी मारून, कातडी सोलून, आत कापूस भरून ठेवत आणि पायाला चिठ्ठी बांधत. चिठ्ठीवर कोणी, कुठे, कधी हे लिहिलेलं असे. आज आपल्याला ते क्रूर वाटतं. पण त्या चिठ्ठीमुळेच तो मेलेला पक्षी पुरावा ठरत असे. चिठ्ठी नसेल तर उरतो तो नुसता पिसांचा गोळा.

१८८४ नंतर हा पक्षी कोणाला दिसलाच नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याचे अवघे सात नमुने होते. त्यातल्या एकाच्या चिठ्ठीवरची तारीख मात्र बरीच अलीकडची होती : १९१४. ठिकाण, गुजरातेतलं तापीकाठचं मांडवी. आणणारा, कर्नल रिचर्ड माइनर्ट्सहागेन.

आता तुम्हीच विचार करा. हरवलेला माणूस शोधायचा तर आपण कुठून सुरुवात करतो? तो शेवटचा जिथे दिसला तिथून. सालिम अली आणि अमेरिकेचे डिलन रिप्ली या दोघांनी हा पक्षी शोधायचा प्रयत्न केला. दोघंही उपखंडातल्या पक्ष्यांचे सर्वांत मोठे जाणकार. त्यांनाही तो सापडला नाही, आणि त्याचं एक कारण ही मांडवीची चिठ्ठी होती. १९६८ मध्ये एका छायाचित्राचा दावा पुढे आला, तर तो निघाला साधा पिंगळा. म्हणजे भाचीच्या व्हिडिओतली चूक काही नवी नाही, तिला पन्नास वर्षांहून जास्त वय आहे.

माइनर्ट्सहागेन हा साधासुधा माणूस नव्हता. लष्करी अधिकारी, गुप्तहेर, पक्षीतज्ज्ञ, लेखक. त्याचा दबदबा मोठा. १९३७ मध्ये सालिम अली स्वतः त्याच्याबरोबर अफगाणिस्तानच्या मोहिमेवर गेले होते. १९५४ मध्ये त्याने आपला सुमारे वीस हजार नमुन्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला. अशा माणसाच्या चिठ्ठीवर कोण शंका घेणार?

शंका घेणारे होते, पण कुजबुजत. १९१९ च्या सुमारास परवानगीशिवाय नमुने बाहेर नेल्याबद्दल त्याच म्युझियमच्या पक्षी विभागात त्याला काही काळ प्रवेशबंदी होती. पुढे वजनदार ओळखीमुळे दार उघडलं. तो १९६७ मध्ये वारला. १९९३ मध्ये ॲलन नॉक्स यांनी त्याच्या संग्रहातल्या युरोपातल्या काही छोट्या पक्ष्यांच्या चिठ्ठ्या खोट्या असल्याचं छापून दाखवलं, तेव्हा ही कुजबुज उघड झाली.

त्याच सुमारास पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधक रिप्ली यांनी हाती घेतलेल्या दक्षिण आशियाच्या पक्ष्यांच्या ग्रंथावर काम करत होत्या. एकेक नमुना तपासताना मांडवीचा वनपिंगळा त्यांच्या हाती आला. प्रत्येक माणसाची पक्षी भरण्याची पद्धत वेगळी असते, जशी प्रत्येक शिंप्याची टाक्याची धाटणी वेगळी. या नमुन्याची क्ष-किरण छायाचित्रं काढली, इतर नमुन्यांशी ताडून पाहिलं. तो पुन्हा उसवून भरलेला निघाला. त्याखाली हात दिसत होता डेव्हिडसनचा! म्हणजे १८८० च्या दशकात खानदेशात मिळालेला नमुना माइनर्ट्सहागेनने म्युझियममधून चोरला, नव्याने भरला आणि पायात खोटी चिठ्ठी बांधली. मांडवीत १९१४ मध्ये वनपिंगळा मिळालाच नव्हता. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये 'आयबिस' या पक्षीशास्त्राच्या नियतकालिकात हे सगळं पुराव्यांसह मांडलं.

पण खरा आनंदाचा भाग त्याच्या दोन वर्षं आधीचा आहे. रासमुसेन यांनी मांडवीची चिठ्ठी बाजूला ठेवली आणि खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावं धरली. नोव्हेंबर १९९७ मध्ये बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासह त्या शहाद्याजवळच्या जंगलात पोहोचल्या. तिथे एका सकाळी वनपिंगळा समोर बसलेला दिसला. दिवसाढवळ्या, कारण हा पिंगळा दिवसाही फिरतो. १८८४ नंतर तब्बल ११३ वर्षांनी! डेव्हिडसनने चिठ्ठीवर जो मुलूख लिहिला होता, त्याच मुलखात तो मधली सगळी वर्षं राहत होता. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या अभ्यासकांनी त्याचा पाठपुरावा केला. तोरणमाळ, मेळघाट, नंतर मुंबईच्या बऱ्याच जवळचं तानसा, अशा जागा नोंदल्या गेल्या.

या गोष्टीत पणाला काय लागलं होतं ते लक्षात घ्या. जो पक्षी नामशेष समजला जातो, त्याच्यासाठी कोणी जंगल राखत नाही. सातपुड्यातली झाडं तुटत होती तेव्हा तिथे हा पक्षी आहे हे सांगायला कोणी नव्हतं. एका खोट्या चिठ्ठीची किंमत अशी असते.

आता भाचीचा प्रश्न. खरं कोणाचं धरायचं? नाव मोठं म्हणून धरायचं, तर माइनर्ट्सहागेनचं नाव मोठंच होतं. फोटो आहे म्हणून धरायचं, तर १९६८ चा फोटोही होता. मी तिला म्हटलं, "पानाच्या पायात चिठ्ठी आहे का बघ. कोणी पाहिलं, कुठे, कधी. आणि ते तपासायला मूळ वस्तूपर्यंत परत जाता येतं का." माइनर्ट्सहागेन पकडला गेला तो नमुना कपाटात जपून ठेवला होता म्हणूनच. त्याच्या चिठ्ठीवरही तीनही उत्तरं होती, पण ती मूळ वस्तूशी जुळली नाहीत. जी माहिती तपासता येते तिच्यातली चूक कधी ना कधी सापडते. जी तपासताच येत नाही, ती खरी असली तरी आपल्या उपयोगाची नाही.

या कसोटीला उतरणारी ठिकाणं इंटरनेटवर आहेत, बहुतेक फुकट आहेत, आणि आपण सोडाल्यात असू, इंदूरला असू की बेळगावला, सगळ्यांना सारखीच उघडी आहेत. त्यातली काही सांगतो.

पहिलं, बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी. जुने निसर्गविषयक ग्रंथ इथे पानापानाने वाचायला मिळतात. ह्यूम यांचं 'स्ट्रे फेदर्स' इथे आहे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलचे जुने खंडही आहेत. ही संस्था १५ सप्टेंबर १८८३ ला मुंबईत आठ जणांनी स्थापन केली आणि त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे आपले दोघे होते, हे मराठी माणसाने विसरू नये. तिचं जर्नल १८८६ पासून निघतंय.

दुसरं, ई-बर्ड. इथे पक्षी पाहणारे आपापल्या नोंदी टाकतात. प्रत्येक नोंदीला तारीख, जागा आणि पाहणाऱ्याचं नाव. वेगळी नोंद आली की जाणकार स्वयंसेवक ती तपासतात, पुरावा मागतात. काही संकटग्रस्त जातींच्या नेमक्या जागा मुद्दाम झाकलेल्या असतात, तेव्हा नकाशावर ठिपका दिसला नाही म्हणून पक्षी नाही असं समजू नका. आवाज ऐकायचे असतील तर झेनो-कँटो आहे, तिथेही प्रत्येक आवाजाखाली ही चिठ्ठी असते.

तिसरं, आययूसीएनची लाल यादी. कोणती जात किती धोक्यात आहे ते इथे कळतं. प्रत्येक पानावर मूल्यमापनाचं साल असतं, ते आधी वाचा. वनपिंगळा पूर्वी 'अतिसंकटग्रस्त' होता, आता 'संकटग्रस्त' आहे. दोन पानांवर दोन गोष्टी दिसल्या तर दरवेळी एक खोटी असते असं नाही, कधी एक नुसती जुनी असते.

चौथं, आपल्या देशाची झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया, १९१६ ची संस्था. फक्त पक्षीच नव्हे, खेकड्यांपासून गोगलगायींपर्यंत भारतातल्या प्राण्यांच्या याद्या तिच्या संकेतस्थळावर मिळतात. आणि मराठीत वाचायचं असेल तर मराठी विश्वकोश. नोंदीच्या शेवटी लेखकाचं नाव असतं, हे त्याचं बळ. जुन्या खंडांतली नोंद असेल तर ती त्या काळची आहे हे लक्षात ठेवून नवी माहिती शेजारी ठेवायची.

एक अडचण नावांची. कोणी वनपिंगळा म्हणतं, कोणी रानपिंगळा, आणि रानपिंगळा म्हणून दुसराही पक्षी दाखवला जातो. म्हणून शोधताना शास्त्रीय नाव वापरा. तेही बदलतं, बरं का. ह्यूम यांनी या पक्ष्याला 'हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी' म्हटलं, आता तो 'अथेनी ब्लेविटी' आहे. २०१८ मध्ये भारतीय संशोधकांनी जनुकांच्या अभ्यासातून तो साध्या पिंगळ्याच्याच गटातला असल्याचं दाखवलं. दोन्ही नावांनी शोधलं की जुनं-नवं दोन्ही हाती येतं.

भाचीने काय केलं ते सांगून थांबतो. संध्याकाळी आम्ही दोघं कडुलिंबाखाली उभे राहिलो. पिंगळा आला. तिने मोबाईलवर वनपिंगळ्याचा तपासलेला फोटो उघडून धरला. आमच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट होते. फोटोतल्या वनपिंगळ्याचं डोकं जवळजवळ एकरंगी, छाती गडद तपकिरी, पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले. "मामा, व्हिडिओवाल्याने आपलाच पिंगळा दाखवलाय," ती म्हणाली. तिने दोन पानं लिहिली आणि शेवटी प्रत्येक माहिती कुठून घेतली आणि कोणत्या तारखेला पाहिली ते लिहिलं. बाईंनी ते मागितलं नव्हतं.

तुमच्या घरातही कोणी असा प्रश्न विचारत असेल, तर त्याला आधी घराजवळचा एखादा पक्षी, पाल किंवा फुलपाखरू बघायला लावा आणि मग मोबाईल हातात द्या. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.