झाडावरून झाडावर गेलात, पण मागचा दोर कसा सोडवणार?

श्रीलंकेच्या पश्चिम किनाऱ्यावर माडी काढणारे लोक एका माडावरून दुसऱ्या माडावर जाताना खाली उतरत नाहीत. माडांच्या शेंड्यांजवळ काथ्याचे दोर ताणून बांधलेले असतात, एक पायाखाली आणि एक हातात धरायला. त्यांवरून चालत ते माडामागून माड पालथे घालतात. हे दोर तिथेच राहतात, कारण उद्या पुन्हा त्याच वाटेने जायचं असतं.

हौसेने झाडावर चढणाऱ्यांचं गणित मात्र वेगळं आहे. पीटर जेन्किन्स यांनी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या अटलांटा शहरात 'ट्री क्लाइंबर्स इंटरनॅशनल' ही संस्था सुरू केली. दोर आणि हार्नेस वापरून केवळ आनंदासाठी झाडावर चढायचं, हा छंद त्यानंतर अनेक देशांत पोहोचला. या छंदात बुटांना खिळे लावत नाहीत, सालीला इजा करत नाहीत आणि झाडावर काही मागे ठेवत नाहीत. म्हणूनच दुसऱ्या झाडावर पोहोचल्यावर प्रश्न उरतो तो पहिल्या झाडावरच्या दोराचा.

रिडायरेक्ट म्हणजे काय?

रिडायरेक्ट म्हणजे दोराला दिलेलं वळण. मुख्य दोर खोडाजवळच्या जाड फांदीवर असतो. तिथून थेट शेजारच्या झाडाकडे निघालं, की दोर तिरका होतो, मधल्या फांद्यांवर घासतो आणि हात सुटला तर माणूस मोठा झोका खाऊन खोडावर आदळू शकतो. त्याऐवजी दोर आधी दुसऱ्या झाडाच्या बाजूच्या एखाद्या फांदीवरून नेला, तर लोंबण्याची जागा पुढे सरकते आणि झोका लहान होतो.

त्या फांदीवर किती भार येतो?

हे वळणाच्या कोनावर ठरतं. समजा, ८० किलोचा माणूस एकेरी दोरावर आहे. दोर ३० अंशांत वळला तर त्या फांदीवर साधारण ४१ किलोइतका भार येतो, ६० अंशांत ८० किलो आणि ९० अंशांत ११३ किलो. म्हणजे वळण जितकं मोठं, तितकी फांदी जाड हवी. ती तुटली तर दोर अचानक ढिला पडून माणूस खाली जाणार आणि मुख्य आधाराकडे झोका खाणार. तेव्हा तो कशावर आदळेल, हे आधीच पाहून ठेवावं लागतं.

परत काढता येणारे प्रकार

सर्वांत साधा प्रकार म्हणजे दोर फांदीच्या बेचक्यातून नुसता टाकणं. एक टोक ओढलं की दोर आपोआप निघतो. पण साल घासली जाते आणि घर्षणही वाढतं.

दुसरा प्रकार दोन कड्यांच्या पट्टीचा. या मजबूत पट्टीच्या एका टोकाला मोठी कडी असते आणि दुसऱ्या टोकाला लहान. पट्टी फांदीवर टाकली की दोन्ही कड्या खाली लोंबतात आणि दोर दोन्हींतून जातो. काम झाल्यावर दोराच्या टोकाला एक छोटा गोळा बांधतात. तो मोठ्या कडीतून जातो, पण लहान कडीत अडकतो. दोर ओढत राहिलं की पट्टी फांदीवरून सरकून दोरासोबत खाली येते. मात्र गोळा मोठ्या कडीच्याच बाजूने आत जायला हवा. उलट बाजूने ओढलं तर तो आधीच लहान कडीपाशी अडकतो आणि पट्टी सुटण्याऐवजी फांदीला आवळली जाते.

तिसरा प्रकार म्हणजे पट्टा आणि कॅरॅबिनर फांदीला पक्के बांधणं. ही पद्धत भक्कम आहे, पण ते सोडवायला परत तिथे जावं लागतं. झाड बदलणाऱ्यासाठी ती बहुतेक वेळा निरुपयोगी ठरते.

एकेरी दोर कधी कधी फांदीभोवती सुरगाठीसारखा आवळून लावतात आणि ती गाठ खाली ओढण्यासाठी वेगळी बारीक दोरी सोडतात. इथे एक चूक जिवावर बेतू शकते. त्या बारीक दोरीवर किंवा दोराच्या त्या बाजूवर वजन टाकलं, तर आधारच सुटतो. म्हणून ती वेगळ्या रंगाची ठेवतात आणि हार्नेसला कधीच जोडत नाहीत.

दोर अडकतो कुठे?

सह्याद्रीत वानरलिंगीसारख्या सुळक्यावरून रॅपलिंग करून उतरणाऱ्यांना हा प्रश्न परका नाही. खाली आल्यावर दोर ओढायचा आणि तो वरच अडकला, तर पुन्हा चढण्याची वेळ येते. झाडावर हा धोका जास्त, कारण दोराच्या वाटेत बेचकी अनेक असतात.

प्रत्येक वळणावर घर्षणाचा गुणाकार होत जातो. घर्षणांक ०.३ धरला, तर फांदीवरून १८० अंशांत वळलेला दोर ओढायला पलीकडच्या वजनाच्या सुमारे अडीचपट जोर लागतो. त्यात ९० अंशांच्या रिडायरेक्टची भर पडली की हाच जोर चौपट होतो. म्हणून वळणं कमीत कमी ठेवतात, तर काही जण कडीऐवजी कप्पी वापरतात. दोन ठिकाणी कड्यांच्या पट्ट्या लावल्या असतील, तर आधी निघालेली पट्टी दुसरीपाशी अडकू शकते. टोकाला विसरून राहिलेली साधी गाठही दोर अडकवायला पुरेशी असते.

निघण्याआधी काय पाहतात?

दोर सुटतो की नाही, याची परीक्षा पहिल्या झाडावर असतानाच घेतात. स्वतःला दुसऱ्या आधाराला जोडायचं, दोरावरचं वजन काढायचं आणि जमिनीवरच्या जोडीदाराला दोर थोडा ओढून पाहायला सांगायचं. तो सहज सरकला तरच पुढे निघायचं.

दुसऱ्या झाडावर पोहोचल्यावर आधी तिथला आधार जोडायचा, त्यावर वजन टाकून पाहायचं आणि मगच पहिला दोर सोडायचा. दोर शक्यतो दुसऱ्या झाडावरून तिरका ओढत नाहीत. जमिनीवर उतरून पहिल्या झाडाखालून ओढला तर तो मधल्या फांद्यांत गुंतत नाही.

ओढण्याआधी खालच्यांना ओरडून बाजूला करायचं आणि हेल्मेट काढायचं नाही. १५ मीटरवरून सुटलेली कडी जमिनीजवळ येईपर्यंत ताशी सुमारे ६० किलोमीटरचा वेग घेते. दोर अडकलाच तर त्याला लटकून हिसके देत नाहीत, कारण वाळकी फांदी मोडून अंगावर येऊ शकते. अशा वेळी नवा दोर टाकून रीतसर वर चढणं हाच सुरक्षित मार्ग. अडकलेल्या दोरावर चढत नाहीत, कारण तो वर कशात अडकला आहे आणि वजन पेलेल का, हे खालून कळत नाही.

ही सगळी कसरत आधी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, जमिनीपासून हात पोहोचेल इतक्या उंचीवर शिकायची असते.