बातमीवर उभी राहिलेली शाळा

१८९१ साली अमेरिकेतील अलाबामा राज्यात एका पोलिसाने मॅस्टिफ जातीची एक कुत्री गोळी घालून मारली. कुत्रीचे नाव लायनेस. तिची मालकीण दहा वर्षांची, अंध आणि बधिर. नाव हेलन केलर. कुत्री भेट देणारे गृहस्थ विल्यम वेड यांनी ही हकिगत एका नियतकालिकाला कळवली आणि हेलनला नवा कुत्रा घेऊन देण्यासाठी दूरदूरच्या अनोळखी माणसांनी पैसे देऊ केले. इंग्लंड-कॅनडातूनही पत्रे आली.

हेलनने ते पैसे कुत्र्यासाठी घेतले नाहीत. पेन्सिल्व्हेनियातील एका रुग्णालयात टॉमी स्ट्रिंगर नावाचा जेमतेम पाच वर्षांचा अंध-बधिर मुलगा पडून होता. आई वारलेली, वडिलांची ऐपत नाही. त्याला बोस्टनच्या अंध मुलांच्या बालवाडीत आणावे, हे पैसे त्याच्यासाठी द्यावेत, असे तिने कळवले. एका मुलीच्या कुत्र्याची बातमी देशाबाहेर कशी गेली आणि त्या बातमीतून दुसऱ्या मुलाच्या शिक्षणाचा खर्च कसा उभा राहिला, हे समजण्यासाठी साठ वर्षे मागे, बोस्टनच्या पर्किन्स शाळेत जावे लागते.

शाळेची सनद १८२९ ची. डॉ. जॉन फिशर यांनी पॅरिसमधील अंध मुलांची शाळा पाहिली होती. तशीच शाळा आपल्याकडे असावी, या त्यांच्या खटपटीतून मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने संस्थेला मान्यता दिली. मात्र मान्यता मिळाली म्हणून शाळा सुरू होत नाही. संचालक म्हणून नेमले गेलेले डॉ. सॅम्युअल ग्रिडली हॉवे हे ग्रीसच्या स्वातंत्र्ययुद्धात लढून आलेले. युरोपातील अंधशाळा पाहायला गेले असता पोलिश निर्वासितांना मदत पोहोचवल्याबद्दल प्रशियाच्या तुरुंगातही जाऊन आले. १८३२ मध्ये त्यांनी वडिलांच्याच घरात मूठभर मुलांना घेऊन वर्ग सुरू केला. थोड्याच काळात तिजोरी रिकामी झाली.

हॉवे यांनी त्यावर जो उपाय शोधला, त्यावर ही शाळा पुढे अनेक दशके चालली. त्यांनी मुलांना लोकांसमोर उभे केले. अंध मुले उठावाची अक्षरे बोटांनी वाचून दाखवत, गणिते सोडवत, गात. विधिमंडळाच्या सदस्यांसमोरही असा प्रयोग झाला आणि गरीब अंध मुलांच्या शिक्षणासाठी राज्याने वार्षिक ६,००० डॉलरचे अनुदान मंजूर केले. अंध मूल शिकू शकते यावर तेव्हा फार थोड्यांचा विश्वास होता. डोळ्यांनी पाहिल्याखेरीज कोणी पैसा देणार नव्हते.

१८३३ मध्ये थॉमस हँडसिड पर्किन्स या बड्या व्यापाऱ्याने आपला वाडा शाळेला देऊ केला, पण एका अटीवर: गावाने ५०,००० डॉलर जमवावेत. बोस्टनच्या स्त्रियांनी विक्री-मेळा भरवला, स्वतः केलेल्या वस्तू विकल्या. रक्कम जमली, वाडा मिळाला. पुढे १८३९ मध्ये पर्किन्स यांच्या संमतीने तो वाडा देऊन दक्षिण बोस्टनमधील एक मोठे हॉटेल घेण्यात आले आणि शाळेला त्यांचे नाव लागले. या पर्किन्स यांची संपत्ती आधी गुलामांच्या आणि मग तुर्की अफूच्या व्यापारातून आलेली होती. ती अफू चीनच्या कँटन बंदरात विकली जाई. मुंबईच्या इतिहासाची ओळख असलेल्यांना इथे जमशेटजी जीजीभॉय आठवतील. त्यांच्याही चीनच्या व्यापारात अफू होती आणि त्यांच्या दानातून उभ्या राहिलेल्या रुग्णालयात मुंबईकर आजही उपचार घेतात. एकोणिसाव्या शतकातील दानशूरपणाचा हिशेब मांडताना ही दुसरी खतावणी उघडी ठेवावी लागते.

शाळा उभी राहिली. तिला जगभर पोहोचवले ते मात्र एका मुलीने.

लॉरा ब्रिजमन न्यू हॅम्पशायरमधील शेतकऱ्याची मुलगी. दोन वर्षांची असताना स्कार्लेट फीवरने तिची दृष्टी आणि श्रवण नेले. वास आणि चवही जवळजवळ गेली. उरला तो स्पर्श. एका वैद्यकीय प्राध्यापकाने तिच्याविषयी लिहिलेला मजकूर हॉवे यांच्या वाचनात आला आणि ऑक्टोबर १८३७ मध्ये ती पर्किन्समध्ये आली. म्हणजे तिचा प्रवेशही एका बातमीनेच झाला. हॉवे यांनी किल्ली, चमचा, सुरी अशा वस्तूंवर उठावाच्या अक्षरांत त्यांची नावे चिकटवली. आधी वस्तू आणि तिची चिठ्ठी यांची जोडी लावायची. मग चिठ्ठीतील अक्षरे सुटी करून पुन्हा जुळवायची. पुढे तळहातावर बोटांची मुळाक्षरे. अनेक आठवडे ती केवळ अनुकरण करत होती. मग एका क्षणी तिला उमगले की या खुणा म्हणजे मनातले दुसऱ्याला सांगण्याची वाट आहे. अंध-बधिर मुलाला भाषा शिकवता येते, हे इंग्रजी बोलणाऱ्या जगाला प्रथम ठळकपणे दिसले ते तिच्यामुळे.

हॉवे यांनी ही प्रगती दरवर्षी शाळेच्या वार्षिक अहवालात लिहिली. संस्थांचे अहवाल सहसा कोणी वाचत नाही. हे अहवाल लोकांनी मिळवून वाचले. वृत्तपत्रांनी उतारे छापले. शनिवारच्या जाहीर प्रयोगांना इतकी गर्दी होऊ लागली की लॉराभोवती बाकांचे कुंपण करावे लागले. तिने विणलेली लेस आणि तिची स्वाक्षरी यांना मागणी होती. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स शाळेत येऊन गेले. त्याच वर्षी निघालेल्या आपल्या ‘अमेरिकन नोट्स’ या प्रवासवर्णनात त्यांनी हॉवे यांच्या अहवालाचा मोठा भाग जसाच्या तसा घेतला. लॉरा डोळ्यांवर हिरवी फीत बांधत असे. तिच्या बाहुलीच्या डोळ्यांवरही तशीच फीत असल्याची नोंद त्यांनी केली आहे.

बाकांच्या कुंपणाआड बसलेल्या मुलीला समोर किती माणसे आहेत हे दिसत नव्हते, ऐकू येत नव्हते. ती विसाव्या वर्षापर्यंत शिकली. मग शिक्षण थांबले. हॉवे यांच्या अपेक्षेप्रमाणे ती घडली नव्हती, विशेषतः तिची धार्मिक श्रद्धा त्यांना रुचणारी नव्हती. अहवालांतील तिची जागा आटत गेली. ती घरी परत गेली, पण त्या घरात तिच्या हातावर बोलायला कोणाला सवड नव्हती. तिने अन्न टाकले, अंथरूण धरले. शेवटी तिला पुन्हा पर्किन्समध्ये आणण्यात आले. तिथे कायम राहता यावे म्हणून निधी जमवणाऱ्यांत हॉवे यांच्यासोबत मनोरुग्णांसाठी झटणाऱ्या डोरोथिया डिक्स होत्या. शिवणकाम-विणकाम करत लॉरा १८८९ मध्ये त्याच शाळेत वारली.

हॉवे यांच्याविषयी घाईने मत बनवू नये. १८६६ मध्ये बटाव्हिया येथे नव्या अंधशाळेच्या कोनशिला समारंभात त्यांनी यजमानांना न आवडणारे भाषण केले: अपंग मुलांना एकत्र कोंडणाऱ्या संस्था शक्य तितक्या कमी असाव्यात, मुले घरात आणि सर्वसामान्य समाजात वाढावीत. ज्याने अशी संस्था तीस वर्षे चालवली, त्याच्याच तोंडून हे आले.

आता डिकन्स यांच्या पुस्तकाकडे. ते निघाल्यावर चव्वेचाळीस वर्षांनी, १८८६ मध्ये, अलाबामातील टस्कंबिया गावी केट केलर यांनी त्यातील लॉराची हकिगत वाचली आणि आपल्या मुलीसाठी काही करता येईल अशी आशा त्यांना वाटली. आधी बाल्टिमोरचे नेत्रवैद्य, मग वॉशिंग्टनमध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेल, बेल यांच्या सांगण्यावरून पर्किन्स. हॉवे तेव्हा हयात नव्हते. त्यांचे जावई मायकल अनाग्नोस संचालक होते. त्यांनी नुकतीच शिकून बाहेर पडलेली अ‍ॅन सलिव्हन ही विद्यार्थिनी निवडली. ती गरिबांसाठीच्या सरकारी आश्रयगृहातून शाळेत आली होती. शाळेत असताना लॉराशी तिची ओळख झाली होती आणि निघण्यापूर्वी तिने लॉरावरचे जुने अहवाल वाचून काढले. मार्च १८८७ मध्ये ती टस्कंबियाला पोहोचली तेव्हा तिच्या सामानात शाळेतील मुलींनी पाठवलेली बाहुली होती. त्या बाहुलीचे कपडे लॉराने शिवले होते.

पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. पाण्याचा पंप, हातावर लिहिलेला शब्द. तेवढी ठाऊक नसलेली गोष्ट ही की अनाग्नोस यांनी सासऱ्यांचा मार्ग अधिक जोराने चालवला. त्यांच्या अहवालांत हेलन केवळ हुशार मुलगी राहिली नाही, ती चमत्कार झाली. ही अतिशयोक्ती सलिव्हन यांना खटकत होती. मात्र त्या चमत्काराला देणग्या येत होत्या.

टॉमीच्या निधीचे काम हेलनने मन लावून केले. एप्रिल १८९१ मध्ये तो बालवाडीत दाखल झाला, पण अंध-बधिर मुलाला स्वतंत्र शिक्षिका लागते आणि तिच्या पगाराची तरतूद नव्हती. हेलनने पत्रे लिहिली. मे महिन्यात ‘बोस्टन हेरल्ड’च्या संपादकांना पत्र पाठवून देणगीदारांची नावे छापण्याची विनंती केली. स्वतःच्या खाऊचे पैसेही तिने बाजूला ठेवले. एकूण १,६०० डॉलरहून अधिक रक्कम जमली. तिचे वय तेव्हा अकराच्या आत होते.

त्याच वर्षाच्या शेवटी तिने अनाग्नोस यांना वाढदिवसाची भेट म्हणून एक गोष्ट लिहून पाठवली, ‘द फ्रॉस्ट किंग’. ते हरखले आणि त्यांनी ती पर्किन्सच्या माजी विद्यार्थ्यांच्या मासिकात छापून आणली. तिथून ती व्हर्जिनियातील स्टाँटनच्या मूकबधिर व अंध मुलांच्या शाळेच्या ‘गुडसन गॅझेट’ या पत्रात गेली. अमेरिकेत तेव्हा बधिरांच्या अनेक शाळांत छपाईचा धंदा शिकवला जाई. त्या छापखान्यांतून शाळांची पत्रे निघत, एकमेकांना पाठवली जात, एकाचा मजकूर दुसऱ्यात छापला जाई. या जाळ्याने बधिर समाजाला नोकऱ्यांच्या, लग्नांच्या, मृत्यूंच्या बातम्या दिल्या, छापखान्यांत रोजगार दिला. पण बातमी चुकीची असेल तर तीही याच वाटेने धावे, आणि पकडलीही याच वाटेवर जाई.

गॅझेटच्या वाचकांनी ती गोष्ट ओळखली. मार्गारेट कॅन्बी यांच्या ‘द फ्रॉस्ट फेअरीज’शी ती ठिकठिकाणी जवळजवळ शब्दशः जुळत होती. पत्राने दोन्ही मजकूर छापून दाखवले. हेलनला ती कथा पूर्वी वाचल्याचे आठवत नव्हते. चौकशीअंती निघाले की १८८८ च्या उन्हाळ्यात ती ब्रूस्टर गावी राहिली असताना तिच्या तळहातावर ते पुस्तक वाचले गेले होते. आठ वर्षांच्या मुलीच्या मनात शब्द राहिले, ते कुणाचे हे पुसले गेले. ज्या मुलीपाशी भाषाच उशिरा आणि सगळीच्या सगळी इतरांच्या बोटांतून आली, तिच्यासाठी आपले आणि परके शब्द यांतील रेषा किती धूसर असेल, याचा विचार तेव्हा फार कोणी केला नाही.

शाळेत चौकशी समिती बसली. आठ जण, चार डोळस आणि चार अंध. सलिव्हन यांना खोलीबाहेर पाठवण्यात आले आणि अकरा वर्षांच्या मुलीला एकटीला प्रश्न विचारण्यात आले. मते समसमान पडली. अनाग्नोस यांनी आपले मत हेलनच्या बाजूने दिले. पुढे त्यांचे मन फिरलेच. त्या रात्री अंथरुणात रडताना आपण सकाळपर्यंत जगणार नाही असे वाटले, असे तिने नंतर आत्मचरित्रात लिहिले. त्यानंतर बराच काळ साधे पत्र लिहितानाही, हे वाक्य नक्की आपलेच ना, अशी धास्ती तिला वाटे. उलट कॅन्बी यांनी तिला दोष न देता धीराचे शब्द लिहिले. १८९२ नंतर विद्यार्थिनी म्हणून हेलन पर्किन्समध्ये परतली नाही.

त्या वादळाच्या मध्यावर, मे १८९२ मध्ये, बालवाडीच्या मदतीसाठी हेलनच्या नावाने बोस्टनमध्ये चहापानाचा कार्यक्रम झाला. त्यातून २,००० डॉलरहून अधिक जमले.

टॉमी बालवाडीतून पुढे गेला. आलेला तेव्हा तो बहुतेक रांगत असे. चालणेही तिथेच शिकला. लोकांना त्याच्यात दुसरी हेलन हवी होती. त्याने मात्र गोष्टी लिहिल्या नाहीत, पत्रांचा सपाटा लावला नाही. त्याला लाकूड आवडे. रंधा, करवत, मोजपट्टी यांवर त्याचा हात बसला. नंतर तो हातावर अक्षरे काढणाऱ्या शिक्षिकेला सोबत घेऊन डोळस आणि ऐकू येणाऱ्या मुलांच्या साध्या शाळेत जाऊ लागला. वर्गात भूगोल-गणित, वर्ग सुटला की सुतारकाम. त्याच्याविषयीच्या बातम्या हळूहळू कमी झाल्या.